दात्यांच्या खुर्च्या

"तरुणांची मनं सावरणं, हेच यापुढे आमच्या पिढीचं जीवितकार्य आहे!" असं निवृत्त लिफ्ट-निरीक्षकांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, तेव्हा श्रोतृवर्गात त्यांची बायको, मटारची परात आणि समोरचं एक बंद दार एवढेच होते. मुठीच्या दणक्याने परातीतले निम्मे दाणे उडाले आणि फरशीवर चहूकडे पांगले.

"आधी ते दाणे सावरा," बायको म्हणाली. "मनांचं मग बघू."

जीवितकार्य मुकाट्याने दुखऱ्या गुडघ्यांवर आलं. टेबलाखाली शिरून एकेक दाणा टिपताना लिफ्टसाहेबांना (इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत) बंद दाराखालची उजेडाची फट दिसली. त्या फटीत दोन पावलांची सावली होती. क्षणभर थांबून ती निघून गेली. म्हणजे नातीने भाषण ऐकलं होतं. नेहमीप्रमाणे, दाराआडून.

नात शिकायला म्हणून आजी-आजोबांकडे राहायला आली होती. तिचे आईवडील नोकरीपायी दूरच्या गावी. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका परीक्षेत ती कोरा पेपर ठेवून उठून आली, खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. त्या रात्री लिफ्टसाहेबांनी तिला जिद्द, चिकाटी आणि आपलं स्वतःचं बालपण या विषयांवर भाषण दिलं. गरम आमटीचं थंड वरण होईतो दिलं. तेव्हापासून ती आजीशी थोडंफार बोले. आजोबांशी मात्र मान हलवण्यापलीकडे व्यवहार नव्हता. साहेब रोज सकाळी दारावर टकटक करत आणि बाहेरूनच एखादा उत्साहवर्धक विचार आत सोडत. विचार आत जात असावा. बाहेर काही येत नसे.

ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. पण साहेब कबूल करणाऱ्यांपैकी नव्हते, कार्य करणाऱ्यांपैकी होते. बँकेच्या दारात एका संस्थेची मंडळी टेबल टाकून बसली होती. तिथे त्यांनी दरमहा पेन्शनमधून थोडी रक्कम परस्पर कापली जाईल अशी सोय करून टाकली. संस्थेचं नाव 'ऐसपैस'. मन जड झालेल्या पोरापोरींनी यावं, बसावं, वाटलं तर बोलावं, अशी जागा.

"घरातलं दार उघडेना, म्हणून गावातलं उघडायला निघालात," बायको म्हणाली होती.

"दोन वेगळे विषय आहेत ते."

"हो ना. एकाच्या बाहेर तुम्ही उभे असता."

मटारच्या दिवशीच्या घोषणेला निमित्त होतं 'ऐसपैस'च्या आमंत्रणाचं. दरमहा देणाऱ्यांनी एकदा येऊन जागा पाहून जावी, अशी विनंती होती. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात जुनी बॅटरी टाकली. उभी हयात लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघण्यात गेलेली; कुठलीही जागा पाहायची म्हणजे बॅटरी हवीच.

"पोरीला विचारा ना, येतेस का म्हणून," बायको म्हणाली.

"तिला कशाला? ते ज्यांना खरंच त्रास आहे त्यांच्यासाठी आहे."

बायकोने बंद दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कॉलरला लागलेला दोरा काढला.

'ऐसपैस'ला पोचल्यावर आधी कळलं की नावात आहे तेवढी जागा जागेत नाही. एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानात संस्था भरत होती. भिंतीवर अजून डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता, कारण तो काढला की मागचा गिलावा पडे. खिडकीशी उंच पाठीच्या तीन खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक स्टूल. आतल्या बाजूला पडदा आणि पडद्यामागे जमिनीवर अंथरलेल्या गाद्या. संस्था चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताई म्हणत. ताईंनी दात्यांना जागेचा एकुलता एक नियम सांगितला.

"इथे कोणी कोणाला काही विचारत नाही. गादीवर बसला, म्हणजे त्याला नुसतं बसायचंय. खुर्चीवर बसला, म्हणजे त्याला बोलायचंय. मग आमच्यातलं कोणीतरी समोरच्या स्टुलावर जाऊन ऐकतं. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एवढंच."

"एवढंच?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मग आमचे पैसे जातात कुठे?"

"भाड्यात, चहात आणि ऐकणाऱ्यांना गप्प बसायला शिकवण्यात. सगळ्यात जास्त त्या तिसऱ्यात," ताई म्हणाल्या. "मोठी देणगी देणारे एकदाच येतात, फोटो काढून जातात. तुम्ही दर महिन्याला थोडं देता, म्हणून रोज दार उघडतं. पोरांना काय हवं असतं? कालचं दार आजही उघडं असावं."

हे ऐकून दात्यांच्या माना ताठ झाल्या. ताठ मानेने बराच वेळ उभं राहवत नाही. दात्यांत एक निवृत्त दंतवैद्य होते, एक शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई होत्या आणि लिफ्टसाहेब. तिघांच्या मिळून सहा गुडघ्यांपैकी एकही धड नव्हता. गादीकडे पाहून दंतवैद्य म्हणाले, "खाली बसेन हो मी, पण उठवायला अग्निशामक दल बोलवावं लागेल." आणि तिघं निमूटपणे तीन खुर्च्यांवर टेकले.

ऐकणारी मुलं नियमाला पक्की होती. खुर्चीवर माणूस दिसताच तीन स्टुलं भरली. साहेबांसमोर आखूड केसांची एक मुलगी येऊन बसली, नातीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असेल.

"बोला," ती म्हणाली. "घाई नाही."

साहेब सांगणार होते की अहो, मी दाता आहे, पाहणीला आलोय. पण "बोला, घाई नाही" हे शब्द त्यांना उद्देशून शेवटचे कधी उच्चारले गेले, हे त्यांना आठवेना. घरी "आटपा" असायचं, बँकेत "पुढचे", डॉक्टरकडे "जीभ दाखवा". त्यांनी घसा साफ केला आणि आजच्या तरुणांनी पहाटे उठण्याच्या आवश्यकतेपासून सुरुवात केली.

मुलगी म्हणाली, "हं."

साहेब शिस्तीवर आले. "हं." स्वतःच्या बढतीवर आले, ती कोणी अडवली यावर आले, त्या माणसाचं पुढे काय झालं यावर आले. "हं." पलीकडच्या खुर्चीवर दंतवैद्य कधीचे रुमालाने डोळे पुसत होते; उभ्या आयुष्यात एकही माणूस त्यांच्याकडे खुशीने आला नव्हता, ही सल त्यांना इतकी वर्षं कोणाला सांगताच आली नव्हती. सांगणार कोणाला? ज्याला सांगावं त्याच्या तोंडात त्यांचाच हात.

दुपारी पोरंपोरी येऊ लागली. खुर्च्या भरलेल्या पाहून दोघं जरा घुटमळली, मग पडद्यामागे जाऊन बसली. एकाने दात्यांसाठी चहा केला.

"काय काम चालतं हो तिथे?" घरी बायकोने विचारलं.

"काही नाही. ती पोरगी नुसती हं हं करते. एक शब्द कामाचा बोलली नाही."

"मग तुम्ही एवढे प्रसन्न कशाने?"

"चहा बरा होता," साहेब म्हणाले. "पण पाहणी अपुरी राहिली. पुढच्या बुधवारी परत जावं लागेल."

पाहणी बुधवारामागून बुधवार अपुरीच राहू लागली. दंतवैद्यांचीही राहिली. शिवणवाल्या बाई तर येताना शेजारणीला घेऊन आल्या. तीही आता दरमहा देऊ लागली होती आणि तिचीही कंबर धरलेली होती. ताईंची अवस्था अवघड झाली. दात्यांना उठवावं तर भाडं जाईल, न उठवावं तर पोरं गादीवरच राहतील.

एकदा धीर करून त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, खुर्च्या जरा कमी पडतायत."

"मग दाते वाढवा!"

"दाते वाढले की आणखी कमी पडतात," ताई म्हणाल्या आणि हसल्या. साहेबांना तो विनोद वाटला, तेही हसले आणि खुर्चीत नीट टेकून बसले.

त्या दिवशी त्यांनी मुलीला आपल्या नोकरीतला खास किस्सा सांगायला घेतला. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आत एक बाई. बाहेर अर्धी इमारत गोळा झालेली. कोणी दार ओढतंय, कोणी ओरडून सूचना देतंय, हे बटण दाबा, ते दाबा, घाबरू नका. "मी गेलो आणि पहिलं काय केलं असेल? सगळ्यांना मागे सारलं. म्हटलं, दार ओढू नका. ओढलं की ते आणखी जाम होतं. आणि सूचना बंद! आतल्या माणसाला काही शिकवायचं नसतं. आम्ही बाहेर आहोत, एवढंच सांगायचं. आणि खरोखर बाहेर..."

साहेब थांबले.

मुलगी 'हं' म्हणाली नाही. खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं दूर जाईतो साहेब डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहत राहिले. वरचं मोठं अक्षर सोडता त्यांना एकही दिसत नव्हतं.

"घरी माझी नात आहे," ते म्हणाले. बुधवारांच्या पाहणीत हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं.

दुसऱ्या सकाळी दारावर टकटक झाली नाही. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "बरं नाही का? आज प्रवचन नाही?"

साहेबांनी खुर्ची ओढून नातीच्या दाराजवळ ठेवली, वर्तमानपत्र उघडलं आणि दाराकडे न बघता म्हणाले, "मी आहे इथे बाहेर." आणि गप्प बसले. हे गप्प बसणं किती जड गेलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. दोनदा जिद्द अगदी ओठांवर आली, एकदा चिकाटी. त्यांनी तिघींना छोट्या जाहिरातींत बुडवलं. आतून काही आलं नाही. पण फटीत सावली आली आणि या खेपेस लगेच गेली नाही.

असं ते रोज बसू लागले. कधी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येई, कधी खोकला. एकदा दार चार बोटं उघडलं, हात बाहेर आला आणि वर्तमानपत्रातलं कोडं घेऊन आत गेला. साहेबांनी बायकोला सांगितलं ते असं, की जणू समुद्रातून बेट वर आलं.

बायकोने मात्र आपलं काम गाजावाजा न करता चालवलं होतं. ती नातीला हळूहळू 'ऐसपैस'बद्दल सांगत होती. शेवटी पोर एवढंच म्हणाली, "आजोबा नसतील तेव्हा जाईन." त्यावर आजीने गुरुवार ठरवला. आजोबांचा बुधवार. आजीच्या हिशेबात कुठेही फट नव्हती.

फट पाडली दंतवैद्यांनी. त्या बुधवारी ते लवकर येऊन साहेबांच्या खुर्चीत बसले आणि दाढेच्या आठवणींतून उठेचनात. बाकीच्या दोन खुर्च्यांत शिवणवर्ग होता. साहेब बराच वेळ तिष्ठले, मग फणफणत घरी परतले आणि बायको आंघोळीला गेली असताना गुरुवारी पुन्हा निघाले. खुर्ची रिकामी मिळाली. दाराकडे पाठ करून ते असे बसले की कोणी उठवू म्हणेल तर क्रेन लागावी.

"मला एक मोठा शोध लागलाय," त्यांनी आखूड केसांच्या मुलीला सांगितलं. "गप्प बसण्याचा!"

आणि गप्प बसण्याचं महत्त्व ते तिला बराच वेळ समजावून सांगत राहिले. त्याचे प्रकार सांगितले, फायदे सांगितले, आपण त्यात कसे पारंगत झालो ते उदाहरणांसह सांगितलं. मागे दार वाजलं; कोणीतरी आत येऊन थबकलं. ताई लगबगीने पुढे झाल्या आणि मधेच थांबल्या. आलेली पोर गादीकडे गेली नाही. ती साहेबांच्या खुर्चीमागे उभी राहून ऐकत होती.

"खरं सांगू का," साहेबांचा आवाज उतरला, "त्या रात्री मी तिला जे काही सुनावलं ना, ते तिच्यासाठी नव्हतंच. मी घाबरलो होतो. मला घाबरलं की भाषण होतं. हे तिला सांगायचंय. पण सांगायला गेलो, की त्याचंही भाषण होईल."

मुलीने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग तिने संस्थेचा नियम मोडला आणि प्रश्न विचारला. "समजा, ती आत्ता इथे असती. काय म्हणाला असता?"

साहेबांनी पाठ ताठ केली, खिशातली बॅटरी चाचपली, छाती भरून श्वास घेतला. "मी म्हणालो असतो, बाळ, आयुष्य ही एक उंच इमारत आहे. आणि या इमारतीत आमच्या पिढीचं जीवितकार्य असं की..."

खांद्यावर कोणीतरी दोन बोटं टेकवली.

"आजोबा, जरा उठता का? मला बसायचंय."