धाकट्या बाई

त्या सरकारी शाळेत चौथीच्या वर्गाला दोन बाई होत्या. थोरल्या बाई पगार घ्यायच्या. धाकट्या बाई चौथीतच शिकायच्या, दोन वेण्या घालायच्या आणि मधल्या सुट्टीत खेळायला कुणाला कधी सापडायच्या नाहीत. नाव पोरांनी चेष्टेत ठेवलं होतं. पण ते असं चिकटलं की शिपाईसुद्धा तिला ‘अहो, धाकट्या बाई’ म्हणायला लागला.

थोरल्या बाई म्हणजे तिची सख्खी आत्या. घरी आत्या म्हणायचं आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की बाई म्हणायचं, हा आत्याचा नियम. आईबाप पोटापाण्यासाठी लांब गेलेले, पोर आत्याच्या गळ्यात. आणि नेमका आत्याचा गळाच बसलेला. घशात गाठी आहेत, बोलणं कमी करा, असं डॉक्टर म्हणाले होते. घ्या! मास्तरणीला सांगायचं की बोलू नका, आणि समोर वर्गभर कार्टी. वर कुणाला कळलं असतं तर नोकरीवरच गदा. म्हणून पहिल्या तासाला आवाज संपला की आत्या खडू पुढे करायची आणि पोरगी उठून फळ्यापाशी जायची.

तिला ते जमायचंही. चौथीचं पुस्तक तिनं कधीच खाऊन टाकलेलं होतं. ‘भोपळा’ म्हणून एक मुलगा होता, प्रत्येक गणितात भोपळाच मिळवणारा. त्याला तिनं कागद फाडून फाडून अपूर्णांक शिकवले, आणि एके दिवशी त्याच्या डोक्यात असा काही उजेड पडला की तो घरची जुनी वर्तमानपत्रंही फाडायला लागला. तिला आनंद झाला. पण तिला स्वतःला कुणी काही नवं शिकवून किती दिवस झाले होते, हे कुणी विचारलं का? कुणी नाही विचारलं. हुशार पोर म्हणजे घरचाच गडी, सांगितलं की कामाला लागतो.

अशात विशेष वर्गाची निवड आली. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांतली हुशार मुलं वेचून दुसऱ्या इमारतीत नेणार, बसनं, आणि तिथे त्यांना पुढचं पुढचं शिकवणार. निवड फक्त चौथीत व्हायची. एकदा हुकली की हुकली. निवडीच्या मॅडम वर्गात येऊन एकेकाला कोडी घालणार होत्या.

आदल्या दिवशी पीठ मळता मळता तिनं सांगून टाकलं, “आत्या, मला त्या वर्गात जायचंय.”

“जा की. मी कुठे अडवतेय?” आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही. आता या असल्या परवानगीचं पोरीनं काय करायचं, तुम्हीच सांगा.

सकाळी मॅडम आल्या आणि त्याच वेळी हेडमास्तर दारात आले. पहिलीच्या बाई आल्या नव्हत्या, पोरांनी गोंधळ घातला होता, कुणाला तरी पाठवा म्हणाले. आत्यानं तिच्याकडे पाहिलं. माझी परीक्षा, असं ती पुटपुटली. नंतर घ्यायला सांगते, असं आत्या कुजबुजली आणि सवयीनं खडू पुढे केला. तिनंही सवयीनं तो घेतला.

पहिली आणि चौथी यांच्यामध्ये लाकडी फळ्यांचा पातळ आडोसा होता. इकडे एकाला नाक पुसून दे, दुसरीची पेन्सिल शोध, तिसऱ्याला शू लागलेली, आणि तिकडून मॅडमचा एकेक प्रश्न स्वच्छ ऐकू येत होता. प्रत्येकाचं उत्तर तिला येत होतं. दार तर उघडंच होतं. पण ती उंबऱ्यापाशी गेली की चिल्लीपिल्ली तिच्यामागे उठायची, आणि ती परत फिरायची. तिला रडू येत होतं, पण रडणार कुणासमोर? ही एवढीएवढी पोरं, तीही रडली असती.

मग पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला. अर्ध्याचं अर्धं पाव का, ते भोपळा सांगत होता. अगदी तिच्याच शब्दांत. मॅडम खूश झाल्या. कुणी शिकवलं रे, असं त्यांनी विचारलं.

“धाकट्या बाईंनी. आज त्या पहिलीवर आहेत.”

मॅडम लगेच इकडे आल्या. मागोमाग आत्या. मॅडमनी वर्गभर नजर फिरवली आणि शेवटी खडू धरून उभ्या असलेल्या या पोरीला विचारलं, “बाळ, तुमच्या धाकट्या बाई कुठे गेल्या गं?”

आत्यानं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. गळ्याला हात लावून ती पोरीकडे बघत राहिली.

मीच ती, एवढंच म्हणायचं होतं. बस दारात आली असती. पण पुढचा प्रश्न आत्याला झाला असता, की मग तुम्ही काय करता?

“आत्ताच बाहेर गेल्यात, मॅडम.”

“बरं. आल्या की त्यांना सांग, इतकं छान शिकवलेलं मी कुठे पाहिलं नाही. अशा बाईंना या शाळेतून कुणी हलवू नये, असं मी साहेबांना सांगणार आहे.”

“सांगते,” ती म्हणाली.

विशेष वर्गाला भोपळा गेला. तिची परीक्षा नंतर कुणी घेतली नाही, आणि घ्या असं आत्यानंही कुणाला म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी आत्यानं दोन ताटं घेतली. पोरीच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं, डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी बोलायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. पोरगी उठली, पेला भरून आणला आणि तिच्यापुढे धरला.

“पाणी घ्या, बाई,” ती म्हणाली.