माझ्या शेजारची स्टीलची टाकी

मी एक जुनं लाकडी पिंप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला शेजारची स्टीलची टाकी बघवत नाही.

द्राक्षमळ्याच्या या तळघरात मी तिच्या कितीतरी आधी आलो. सुताराने फळ्या आगीवर शेकल्या, वाकवल्या आणि वरून लोखंडी पट्ट्या ठोकून बसवल्या. ना खिळा, ना सरस. ओल्या फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरून बसतात, एवढ्यावर माझं सगळं चालतं.

घरात नवी सून आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आधी माझ्याकडे आणलं. "कान लाव," म्हणाले. आत वाइनसाठी द्राक्षांचा रस आंबत होता.

"अगंबाई, मामंजी, याच्या पोटात गुडगुडतंय!"

तेव्हापासून दर हंगामात ती कान लावायची. गारांनी मळा झोपवला त्या वर्षी मी जेमतेम निम्मा भरलो, तरीही लावला.

मग तिचा मुलगा मोठा झाला आणि त्याने ही स्टीलची बया आणली. चकचकीत! पाहुणे तिच्यासमोर फोटो काढणार, त्याची आई तिला रोज फडक्याने पुसणार. आणि माझ्या डोक्यावर? रिकाम्या बाटल्यांचे खोके. मला ओलं ठेवायला अधूनमधून पाणी लागतं, तेही बंद. फळ्या सुकल्या. आतून जळत होतो ते वेगळंच.

यंदा पीक दणकून आलं. मुलाने टाकी काठोकाठ भरली, तरी रस उरला. तो त्याने तसाच माझ्यात ओतला. फटीफटीतून सगळा जमिनीवर! मुंग्यांची चंगळ झाली.

"फुटकं मेलं!" त्याने मला लाथ घातली आणि करवत आणली. "आई, अर्धं कापतो. दोन कुंड्या होतील."

कुंड्या! टाकीसमोर! माझ्यात माती!

आई धावत आली. "ठेव ती करवत. फुटकं नाहीये, तहानलंय ते. वर्षभर पाणी मीच नाही घातलं. चूक माझी, आणि लाथ त्याला?"

"पण आता त्याचा उपयोग काय?"

"टाकी बघ तुझी. काठोकाठ भरलीस. रस आंबला की फेस वर येतो, त्याला जागा कुठंय? आत्ताच झाकणातून ओघळतोय."

त्याने वाकून बघितलं. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

मुलाने पाण्याच्या बादल्या आणून माझ्यात ओतल्या. आधी मी गळलो, मग ठिबकलो, मग थांबलो. मग पाणी काढून त्याने टाकीतला थोडा रस माझ्यात भरला. तिची पातळी उतरताना मी डोळे भरून पाहिली.

काल आईने कान लावला. मग मुलाला मान धरून जवळ ओढलं. "ऐक."

"गुडगुडतंय की गं!"

टाकीला कुणी कान लावत नाही. माझं लक्ष असतं.

मित्रांनो, घरात नवं काही आलं तर खुशाल मिरवा. पण जुन्याच्या डोक्यावर खोके रचू नका, त्याला बादलीभर पाणी घालत जा.

आणि टाकी जरा कमी पुसलीत तरी चालेल.