निखाऱ्यावर परतलेली सळई

मी एक जुनी सळई आहे. गोल नव्हे, चपटी. हे आधीच सांगते, कारण मला त्याचा थोडा गर्व आहे. गोल सळईवर चिकनचा तुकडा गरगर फिरतो आणि एकाच बाजूने भाजतो; माझ्यावर तो निमूट बसतो. लोहाराने मला ठोकून घडवलं आणि या घरच्या बाबांनी बोटावर तोलून पसंत केलं.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! सुट्टी आली की मागच्या अंगणात शेगडी पेटायची. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा पापुद्रा धरला की बाबा मला वर ठेवत. खाणारे बाबांचं कौतुक करत. चटके मात्र मी खाल्लेले असत.

मग बाबांना मधुमेह झाला. पाव गेला, भात गेला, बटाटा गेला. शेवटी बाबांचं टेबलाशी येणंही गेलं. "तुम्ही जेवा. माझं गवत खोलीत पाठवा," म्हणत. उकडलेल्या भाज्यांची ताटली तशीच परत यायची. बाबांचे गाल बसत चालले. मी खिडकीचा अडसर झाले आणि गंजत गेले.

एका दुपारी थोरल्या लेकीने मला घासूनपुसून तेल लावलं. दही, लसूण, मिरपूड आणि लिंबात मुरलेले तुकडे तिने माझ्यावर असे दाटीवाटीने खोचले, की माझा जीव गुदमरला. शेगडीतून अजून ज्वाळा उठत होत्या. तिने मला थेट त्यांतच धरलं.

खोलीची खिडकी धाडकन उघडली.

"अगं, कोंबडी भाजतेस की सूड घेतेस? बाहेरून कोळसा, आतून कच्ची!"

"मला नाही जमत, बाबा."

"अहो, तिथून काय ओरडताय?" आई म्हणाली. "या नि दाखवा."

बाबा अनवाणीच आले. करपलेले तुकडे काढून टाकले, मला धुतलं, नवे तुकडे जरा जरा फट ठेवून ओवले. निखारे पांढरे होईपर्यंत थांबले. लेकीने वाटी पुढे केली. त्यात घट्ट दही, किसलेली काकडी आणि पुदिना होता. बाबांनी बोट बुडवून चाखलं.

"साखर?"

"चिमूटभरही नाही. आणि पाव आज कोणालाच नाही."

"माझ्यापायी तुमचीही उपासमार?"

"तुमच्या हातचं खातोय, याला उपासमार म्हणायचं?" आई म्हणाली. "बसा आता."

बाबा बसले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा आई उगाचच पाणी आणायला उठली.

मित्रांनो, काम झालं की आम्हा सळयांना धुऊन, कोरडं करून तेल लावत जा. आणि घरात कोणी रुसून आत बसलं असेल, तर ताट आत पाठवू नका. शेगडी पेटवा, आणि मुद्दाम जरा वाईट भाजा.