कोरडी हवा

चिमाजीचा आवाज वरच्या सुरावर फाटला तेव्हा भैरवनाथाच्या देवळात बसलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. ज्योतीरामने मात्र मान वर केली. सूर लागला होता, मग मध्येच नुसती हवा आली आणि तिच्यामागून खरखर. चिमाजीने खाकरून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी पेटीवर बसलेल्या उद्धवरावांनी भाता थांबवला आणि म्हणाले, "ज्योतीराम, तू घे पुढं."

हे चार शब्द ऐकायला ज्योतीरामला बावीस वर्षं लागली होती.

बावीस वर्षं तो चिमाजीच्या डाव्या अंगाला, अर्धा हात मागे बसत आला होता. चिमाजीने ओळ टाकायची, ज्योतीरामने ती झेलायची. चाकणच्या आसपासच्या दहा गावांत लोक म्हणत, चिमाजीचा गळा आणि ज्योतीरामची साथ. ऐकायला दोघांचं कौतुक वाटावं असंच बोलणं. पण गळा एकाचा होता आणि दुसऱ्याची नुसती साथ. ज्योतीरामचा सूर कधी चुकत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि न चुकणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

चिमाजीचं गेल्या वर्षभरात झोपेचं काहीतरी बिघडलं होतं. तो घोरतो हे साऱ्या आळीला माहीत होतं. पण घोरता घोरता त्याचा श्वासच थांबायचा आणि त्याची बायको यशोदाबाई घाबरून त्याला हलवून जागं करायची. दिवसा तो कुठंही पेंगायचा. कँटीनच्या रांगेत, कंपनीच्या बसमध्ये, एकदा तर तळेगाव रस्त्याच्या सिग्नलला मोटारसायकलवर. कंपनीच्या डॉक्टरने तपासणीला पाठवलं. अंगाला वायरी लावून झोपवल्यावर कळलं, की तासाला अडतीस वेळा श्वास अडतोय. मग घरी मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीतून झोपेभर दाबाने येणारी हवा. ती हवा घसा मिटू देत नाही. भजनी मंडळात बरीच चेष्टा झाली. कोणी म्हणालं, अण्णा आता विमान चालवणार. कोणी वहिनींना दचकायला होत असेल म्हणालं.

चिमाजी हसण्यावारी नेत राहिला, कारण त्याला बरं वाटत होतं. पंधरा दिवसांत डोळ्यांखालची सूज उतरली, चेहऱ्याला तुकतुकी आली. ज्योतीरामला त्या झोपेचाही हेवा वाटला. तीन शिफ्टमध्ये फिरता फिरता तो स्वतः धड झोपणं विसरला होता, आणि हा माणूस आजारातूनसुद्धा काहीतरी पदरात पाडून घेऊन आला होता.

पण पुढे चिमाजीचा गळा कोरडा पडू लागला, आणि त्या एकादशीला तो फाटला. भोसरीची भजन स्पर्धा तेव्हा पाच आठवड्यांवर होती.

लगेचच्या रविवारी सकाळी ज्योतीराम त्याच्याकडे गेला. काळजी वाटते म्हणून जातो, असं घरी सांगून निघाला; खरं तर आवाज परत येण्यातला आहे का, हे त्याला बघायचं होतं. यशोदाबाईने चहा ठेवला. पलंगाशेजारी स्टुलावर मशीन होतं आणि त्यात बसवलेली एक पारदर्शक डबी. डबी कोरडीठाक होती, फडक्याने पुसून लख्ख केलेली.

ही कशाला, असं ज्योतीरामने विचारलं.

"पान्याची हाय म्हनं," चिमाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मशीन देणारा सांगत हुता, रोज पानी भरा. म्हणलं, बाबा, हवेच्या लाइनीत पानी? सव्वीस वर्षं तेच काढत आलोय मी."

चिमाजी कंपनीच्या कॉम्प्रेसर रूममध्ये फिटर होता. दर शिफ्टला हवेच्या टाक्यांचे खालचे कॉक उघडून साचलेलं पाणी सोडायचं, हे त्याचं काम. हवेत ओल राहिली की व्हॉल्व गंजतात, सिलिंडर अडकतात, अख्खी लाइन बंद पडते. त्याच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्याने पहिला धडा हाच दिला होता. आता स्वतःच्या नाकाला जोडलेल्या लाइनीत तो पाणी कसा जाऊ देईल? ज्योतीराम प्रेस शॉपमध्ये होता, त्यालाही हे पटण्यासारखं होतं. तरी घरी येताना वाटभर एक प्रश्न त्याला टोचत राहिला. गरज नसेल तर बनवणाऱ्याने डबी बसवलीच कशाला?

त्याची मुलगी तेजल सांगवीतल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आवाजाचे उपचार शिकत होती. जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाक हवा ओली करून घशाला देतं, आप्पा," ती म्हणाली. "पण मशीनची हवा दाबानं येते, त्यात तोंड उघडं राहिलं तर नाक पुरं पडत नाही. स्वरतंतू सुकतात. गाताना ते सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा एकमेकांवर आदळतात. सुके आदळले की सुजणारच. म्हणून तर त्यात पाणी भरतात. भरायला लागलं की आठ-दहा दिवसांत गळा सुटतो." मग ती थांबली. "चिमाजीकाकांचं म्हणताय का? पाणी भरत नाहीत का ते?"

"काय की," ज्योतीराम म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली.

उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. उद्या तालीम होती. पेटीसमोर तो पहिल्यांदा मधोमध बसला. उद्धवरावांनी विचारलं, पट्टी थोडी उतरवू का? चिमाजीच्याच पट्टीत गाणार, असं त्याने सांगितलं आणि गायलाही. मग परवा सांगू, असं ठरलं.

एवढं होऊनही चिमाजी तालमीला येतच होता. टाळ घेऊन कडेला बसायचा आणि ज्योतीरामला एकेक जागा समजावून द्यायचा. गौळणीत जिथे सगळ्यांची दमछाक होते तिथे श्वास ओळीच्या शेवटी घ्यायचा नाही, दोन मात्रा आधीच चोरून घ्यायचा, हे त्याने सांगितलं. बावीस वर्षं अर्ध्या हातावर बसूनही ज्योतीरामला हे दिसलं नव्हतं. सांगणाऱ्याला ते इतकं सहज देऊन टाकता येतं, याचाच त्याला जास्त राग आला. ओळ संपली की मंडळी वाहवा द्यायची ती ज्योतीरामला, आणि बघायची चिमाजीकडे, त्याला पटलं का म्हणून.

स्पर्धेला तेरा दिवस उरले असताना चिमाजी आला, टाळ खाली ठेवला आणि वरच्या सुरात एक ओळ म्हणून दाखवली. स्वच्छ. आठवडा झाला मशीन बंद ठेवलंय, तो म्हणाला. देवळात एकच आनंद झाला. उद्धवरावांनी मधोमधची सतरंजी हाताने सारखी केली, आणि ज्योतीराम अर्धा हात मागे सरकला.

दुसऱ्याच दिवशी पहिली पाळी सुटल्यावर घरी येताना चिमाजीचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसली. कोपर सोललं, बाकी काही नाही. ट्रेलर मागून येत असता तर काय, हे कोणी बोललं नाही. संध्याकाळी यशोदाबाई देवळात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, यांना कोणीतरी समजवा. चिमाजी हटून बसला. गळाच गेला तर मी काय नुसता टाळ कुटत बसू का, असं त्याचं म्हणणं.

ज्योतीराम बोलला.

"अण्णा, गळा गेला तर मी हाय की. जीव गेला तर कोण हाय? आजपासनं मशीन लावायचं."

उद्धवरावांचे डोळे पाणावले. एवढं मन मोठं कोणाचं असतं, असं लोक म्हणाले. ज्योतीरामने मान खाली घातली. डबीत पाणी भर, एवढंच त्याने सांगितलं नव्हतं.

चिमाजीने ऐकलं. चार दिवसांत त्याचा गळा पुन्हा बसला आणि ज्योतीराम पुन्हा मधोमध आला.

स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी यशोदाबाई शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन त्याच्या घरी आली. "भावजी, दुसरा कुणी असता तर मनातनं खूश झाला असता," ती म्हणाली. "तुमी त्यांचा जीव राखलात." तेजल बापाकडे बघत होती. यशोदाबाई गेल्यावरही ती बघतच राहिली. ज्योतीरामने एक लाडू उचलला आणि परत डब्यात ठेवला.

शुक्रवारी तो चिमाजीकडे गेला. जाताना त्याने हिशेब केलाच. रविवारी स्पर्धा, मध्ये दोन दिवस. दोन दिवसांत गळा सुटत नाही. आता सांगायला हरकत नाही.

चहा पुढ्यात आला तसा त्याने डबी काढून चिमाजीच्या हातात दिली. "हिच्यात पानी भर, अण्णा. उकळून गार केल्यालं. लाइन निराळी, घसा निराळा. घशाला ओल लागती."

"कोण म्हणलं?"

"तेजल."

"कवा?"

काल, असं म्हणता आलं असतं. शब्द तयार होता.

"महिना झाला," ज्योतीराम म्हणाला.

चिमाजीने डबी उजेडात धरली, उगाच फिरवली. "म्हंजे देवळात मला मशीन लाव म्हणलास, तवा तुला ठावं हुतं."

"व्हय."

यशोदाबाईने ज्योतीरामपुढचा कप उचलला आणि आत नेला. तो अजून भरलेलाच होता.

"बावीस वर्षं साथ केलीस," चिमाजी म्हणाला. "एकदा सूर सोडला न्हाईस. मला वाटायचं, तुला आवडतंय."

"न्हाई आवडत."

"मग तवाच बोलायचं ना, राव." तो उठला. "रविवारी तूच गा. माझा गळा एवढ्यात यायचा न्हाई. पर साथीला मी बसणार. मंडळाची साथ कमी पडायला नको."

भोसरीच्या मंडपात त्यांचा नंबर सातवा आला. ज्योतीराम मधोमध बसला, चिमाजी त्याच्या डाव्या अंगाला, अर्धा हात मागे. शुक्रवारपासून दोघे एक शब्द बोलले नव्हते. अभंग चांगला झाला. गौळणीत दमछाकीच्या जागी ज्योतीरामने दोन मात्रा आधीच श्वास घेतला आणि ओळ शेवटपर्यंत एका ताणात नेली. मंडपातून दाद आली. आपण चांगलं गातोय, हे त्याला कळत होतं. मग त्याने ओळ मागे टाकली.

चिमाजीने ती झेलली. आवाज अजून पूर्ण सुटलेला नव्हता, जोर कमी होता, म्हणून त्याने तो ओढला नाही, नुसता ठेवला. पण त्यात खरखर नव्हती. दोन दिवसांच्या ओलीने एवढं काम केलं होतं.

समोर बसलेल्या परीक्षकाने लिहिता लिहिता हात थांबवला आणि मान वर करून पाहिलं, ज्योतीरामच्या खांद्यावरून मागे.

ज्योतीरामने पुढची ओळ घेतली, गरज होती त्यापेक्षा थोडी वरून. सूर बरोबर लागला. परीक्षक अजून मागेच बघत होता.