थर्मनने भरलेली बंदूक

थर्मन गेल्यावर नेल्डाने त्याचे बूट चर्चला दिले, ट्रॅक्टर भाच्याला दिला, औषधांच्या बाटल्या फेकून दिल्या. बंदुकीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. मागच्या दाराशी, कोटांच्या खुंट्यांच्या वर, ती आडवी टांगलेली होती तशीच राहिली. नेल्डा झाडू मारताना तिच्या खालून वाकून जायची.

माझं घर त्यांच्या टेकडीच्या अलीकडच्या उतारावर आहे. थर्मन आणि मी मिसरूड फुटायच्या आधीपासून एकत्र रानात जायचो. जानेवारीत ठासणीच्या बंदुकीचा हंगाम लागला की आम्ही दोघं पोरांसारखे व्हायचो. तोवर बाकीचे शिकारी घरी गेलेले असतात, रान शांत असतं, आणि तुमच्याकडे एकच बार असतो. तो चुकला की पुन्हा नळीच्या तोंडातून दारू भरा, गोळी ठासा, आणि तेवढ्या वेळात हरीण शेजारच्या काउंटीत पोचलेलं असतं. थर्मनला हेच आवडायचं. "एकच बार असला की माणूस विचार करतो," म्हणायचा.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्हाला काहीच मिळालं नाही. संध्याकाळी पिकअपपाशी आलो तेव्हा त्याने बंदुकीचा प्राइमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, काढून खिशात टाकला. टोपी काढली की आमच्याकडे कायद्याने बंदूक रिकामी धरतात. आतली दारू आणि गोळी तशीच असते. घरी जायच्या आधी मातीच्या दरडीत बार काढून टाकायचा आमचा रिवाज, पण त्या दिवशी तो म्हणाला, "राहू दे. उद्या बघू. दमलोय." त्याच आठवड्यात तो गोठ्यात गवताचा भारा उचलताना कोसळला. त्यानंतर बंदुकीची आठवण कुणाला राहणार?

ऑक्टोबरमध्ये त्यांची लेक रोवेना लेकरांना घेऊन आली. तिचा धाकटा खुर्चीवर चढून बंदुकीकडे हात लांब करताना तिने पाहिला, आणि त्याला खाली ओढला. तिने मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा मायलेकींची जुंपली होती.

"रिकामी आहे गं ती," नेल्डा म्हणत होती. "टोपी काढलीय त्याने. माझ्यादेखत खिशातून काढून खिडकीत ठेवली होती."

"आई, टोपी काढली म्हणजे रिकामी झाली का? डेंझिलकाका, तुम्हीच सांगा हिला."

मी बंदूक उतरवली. तोंड भिंतीकडे, त्या भिंतीपलीकडे नुसती टेकडी. आधी टोपीची जागा पाहिली, ती मोकळी होती. मग नळीखालचा गज काढला. शहाण्या माणसाच्या गजावर दोन खुणा असतात: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज अलगद आत सोडला, की जी खूण नळीच्या तोंडाशी येते ती बंदूक काय आहे ते सांगते. थर्मनने दोन्ही खुणा करवतीच्या पात्याने कोरल्या होत्या.

गज रिकाम्या खुणेपर्यंत गेला नाही. आत काहीतरी होतं.

"भरलेली आहे," मी म्हणालो.

रोवेनाने पोरांना अंगणात पिटाळलं. नेल्डा ओट्याला धरून उभी राहिली.

पण मला दुसरंच काही खटकत होतं. गज भरल्याच्या खुणेशीही थांबला नव्हता. ती खूण नळीत चांगली बोटभर बुडाली होती. म्हणजे आतला ऐवज नेहमीपेक्षा कमी होता. थर्मन जन्मभर दारूच्या दोन मोठ्या वड्या भरायचा, ना कधी एक कमी ना एक जास्त.

"मग बाहेर जाऊन उडवून टाका ना," रोवेना म्हणाली. "संपला विषय."

"नाही उडवायची. ह्या वड्या ओल धरतात, आणि ही उन्हाळाभर इथे टांगलीय. शिवाय आत काय आहे ते मला कळत नाहीये. एकच वडी असेल तर ठीक. पण जोराने ठासून वड्यांचा भुगा झाला असेल, तर भुगा वडीसारखा जळत नाही, एकदम भडकतो. जे आपण भरलं नाही ते उडवायचं नाही. मागचं बूच काढून सगळं बाहेर ढकलू."

पण नळीचं मागचं बूच गंजून बसलं होतं. मी जोर लावला तसा पाना सटकला आणि माझी बोटं सोलपटली.

"तुझ्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," नेल्डा म्हणाली. थर्मन गेल्यानंतर तिने मला मारलेला तो पहिला टोमणा. मला बरं वाटलं.

"तेल सोडून ठेवू. काही दिवस मुरू दे. आच दाखवायची नाही, ठोकायचं नाही, आत ड्रिल तर अजिबात घालायचं नाही. तोवर ही माझ्या कपाटात कुलपात राहील."

"नाही," ती म्हणाली.

"नेल्डा, घरात लेकरं आहेत."

"लेकरं रविवारी जातील."

"मग तोवर तरी माझ्याकडे राहू दे."

ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. मी बंदूक मागे ठेवत होतो तर तिने नळीवर तळवा ठेवला.

"डेंझिल, त्याचं सगळं मी धुतलं, पुसलं, वाटलं. त्याने उष्टा ठेवलेला कपसुद्धा विसळला, आणि मग दिवसभर रडले. ही एकच गोष्ट उरलीय, जी त्याने स्वतःच्या हाताने सुरू केली आणि अजून संपलेली नाही. तू बूच काढलंस की तीही संपेल."

मी म्हणालो, "मी एकटा नाही काढणार. तू समोर असशील तेव्हाच."

लेकरं गेली, पानगळ झाली, आणि एका कोरड्या दुपारी मी बंदूक घेऊन तिच्या अंगणात गेलो. तिने शेगडी विझवली होती. मी सिगारेटी घरीच ठेवल्या होत्या. लाकडी घोडीवर बंदूक आवळली, तोंड टेकडीकडे केलं, दोघांनी चष्मे लावले. या खेपेला बूच करकरत फिरलं आणि निघालं. मग मी बाजूला उभं राहून तोंडाकडून गज घातला आणि हळूहळू मागे रेटत गेलो. मागून आधी काळसर चुरा पडला, मग दोन वड्या, मग गोळी.

वड्या दोन होत्या, पण बारक्या. नेहमीच्या वडीच्या जेमतेम निम्म्या.

नेल्डाने त्या तळहातावर घेतल्या. कडा ओलीने विरघळल्या होत्या, मधलं भोक बुजत आलं होतं.

"ह्या माझ्या," ती म्हणाली.

"तुझ्या म्हणजे?"

"मागच्या वर्षी हलक्या वड्यांचा डबा आणला होता त्याने. म्हणाला, ह्यांचा धक्का कमी बसतो, तू चल माझ्याबरोबर यंदा. मी म्हटलं, त्या थंडीत झाडाखाली बसायला मला काय कुत्रं चावलंय? रोज पहाटे विचारायचा. शेवटच्या दिवशीपण विचारलं. दारात माझा कोट धरून उभा होता. मी म्हटलं, मला ॲपल पाय भाजायचेत, चर्चमध्ये द्यायचेत." ती थांबली. मग डोळे वर करून तिने विचारलं, "मी हो म्हणेन असं वाटून त्याने माझ्यासाठी भरून ठेवली होती का रे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. पण थर्मनने घरात कधी बंदूक भरली नाही, हे तिलाही ठाऊक होतं. आज ना उद्या तिच्या लक्षात आलं असतं, आणि मग माझ्या कुठल्याच शब्दावर तिचा भरवसा राहिला नसता.

"नाही, नेल्डा. त्याने रानात पोचल्यावर भरली. पिकअपच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, वाऱ्याचा आडोसा घेतोय."

तिने बोटाने एक वडी उलटी केली.

"म्हणजे दुखत होतं त्याला. खांदा. छाती. मोठ्या वड्यांचा धक्का सोसला नसता."

"येताना खांदा चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, झाडाला रेलून अवघडला."

"मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

ती हसलीही आणि रडलीही. "गाढव! जन्माचा गाढव!" ती त्या वड्यांनाच म्हणाली. मग वड्यांची मूठ छातीशी धरली. मी म्हटलं, ह्या ठेवता येणार नाहीत, पाण्यात विरघळवायला हव्यात. मला वाटलं हुज्जत घालेल. पण ती स्वतः उठली, बादली भरून आणली, आणि एकेक वडी पाण्यात सोडली. पाणी राखाडी झालं. गोळी तिने एप्रनच्या खिशात टाकली. त्याला माझी हरकत नव्हती. दारूशिवाय शिसं कुणाचं काय वाकडं करतंय?

नळी गरम पाण्याने धुऊन मी तेलाचा हात फिरवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मला शिकव."

"काय?"

"भरायला. जानेवारीत मी येणार. तो कशासाठी एवढी दुखणी लपवत होता ते मला बघायचंय."

मी तिला शिकवलं. माझ्या शेताच्या टोकाला मातीची उंच दरड आहे, तिथे. आधी नळीतलं तेल पुसून काढायचं. वडीची काळपट बाजू मागे, टोपीकडे. वड्या घरंगळू द्यायच्या, फोडायच्या नाहीत, दाबायच्या नाहीत. मग गोळी, आणि गजाने ती वड्यांना टेकेपर्यंत सारायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते, आणि हाणत बसलं तर वडी चुरते.

"टेकली की कळतं?"

"कळतं. पण हातावर विश्वास ठेवू नको, खुणेवर ठेव."

तिच्या हलक्या भारासाठी आम्ही गजावर नवी खूण कोरली. ती तिने स्वतः कोरली, जरा तिरकी.

"नळीच्या तोंडावर वाकू नको. टोपी सगळ्यात शेवटी, बसल्या जागी. आणि ही बंदूक मोठ्या तीन वड्यांची नाही, ते लिहिलंय नळीवर. दुसरी कुठली दारू तर चुकूनसुद्धा नाही."

"थर्मन इतकं बोलायचा?"

"थर्मन याच्या दुप्पट बोलायचा. मी ऐकून घ्यायचो."

"घरी तर तोंडातून चकार शब्द नाही निघायचा," ती म्हणाली.

पहिल्याच खेपेला घोडा नुसता खट्ट वाजला. बार उडालाच नाही. मी ओरडायच्या आत मला दिसलं, की ती जागची हललेली नाही. नळी दरडीकडे, बोट बाजूला. कधीकधी ठिणगी आत रेंगाळते आणि बार उशिरा उडतो, हे मी तिला सांगितलं होतं. ती तशीच उभी राहिली, पुतळ्यासारखी, मी पुरे म्हणेपर्यंत. टोपी दमट निघाली. दुसरी बसवली.

या खेपेला बार झाला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि वारा नसल्यामुळे तिच्याभोवती तसाच थांबला. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. माणसं तोंड फिरवतात. नेल्डाने मात्र बंदूक खाली धरली आणि त्या धुरात डोळे मिटून उभी राहिली. दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"त्याच्या कोटाला हा वास असायचा," ती म्हणाली. "मी कोट बाहेर टांगायला लावायचे. म्हणायचे, घाण घरात आणू नको."

धूर विरत चालला तशी ती त्याच्या मागे पाऊलभर पुढे गेली. मग धूर उरला नाही.

"पुन्हा भरू?" तिने विचारलं.

"थांब. नळी आधी पुसून घे. एखादा निखारा राहिला असेल."

जानेवारीत ती आली. पहाटे पिकअपमध्ये थर्मनच्या जागी बसली आणि हीटर स्वतःकडे वळवून घेतला. मी मक्याचा पाव आणि कॉफी आणली होती, तिने सफरचंदाचा दाट मुरंबा. थर्मनच्या ओकच्या झाडापाशी तिला बसवून मी ओढ्यापलीकडे माझ्या झाडाशी गेलो. तिथून थर्मनच्या डोक्यावरची नारिंगी टोपी नेहमी दिसायची, फांद्यांमधून, शेंगदाण्याएवढी. उजाडलं तसा मी सवयीने तिकडे बघितलं, आणि टोपी दिसली. मला माहीत होतं ती कोण आहे. मीच बसवली होती तिला. तरी मी हात वर केला, इतकी वर्षं करायचो तसा. ती टोपी हलली नाही. नेल्डा खाली बघत होती. तिच्या समोरून एक हरिणी दोन पाडसं घेऊन ओढ्याकडे चालली होती, इतक्या जवळून की मला वाटलं आता बार ऐकू येईल.

आला नाही. हरिणी पाणी प्यायली आणि निघून गेली.

दुपारी मी तिला म्हणालो, "आयती समोर आली होती. का नाही मारलीस?"

"विसरले," ती म्हणाली. "बघतच बसले." पाव मोडून तिने अर्धा मला दिला. "डेंझिल, तो रोज इथे बसून काय बघायचा ते मला कधी सांगायचा नाही. मी पण कधी विचारलं नाही."

"उद्या येतेस?"

तिने ओढ्याकडे बघितलं. ढग उतरले होते, बर्फ भुरभुरायला लागला होता.

"येते," ती म्हणाली. "पण कॉफी मी आणीन. तुझी म्हणजे नुसतं गढूळ पाणी असतं."