डक्टवरचा मारुती

आमच्या फुलचूरच्या इमारतीत हवा नकाशात आहे. नकाशा मंजूर आहे, म्हणजे हवाही मंजूर आहे. प्रत्येक न्हाणीघराची छोटी खिडकी मधल्या उभ्या पोकळीत उघडते आणि ती पोकळी, म्हणजे डक्ट, वर आभाळापर्यंत मोकळी, असं साफ काढून दाखवलंय.

प्रत्यक्षात गच्चीवर डक्टच्या तोंडावर स्लॅब होता. डक्टमध्ये कबुतरं मरून पडायची, घरभर वास यायचा. आम्ही बिल्डरकडे, भूपेंद्रकडे, तक्रार केली आणि त्याने चार दिवसांत तोंडच बुजवून टाकलं. एवढी तत्परता त्याने आयुष्यात एकदाच दाखवली. शिवाय प्रत्येक घराला एक गॅसचा गीझर भेट, तोही न्हाणीघरातच बसवून. मी सोसायटीचा सचिव. स्लॅबला आमची हरकत नाही, हे पत्र माझ्याच अक्षरात आहे. भाषा चांगली आहे.

रिकाम्या स्लॅबवर काहीतरी हवं म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या सेवकरामांनी दवनीवाड्याच्या आपल्या घरून शेंदरी मारुती आणून बसवला. वाऱ्याचा मुलगा वाऱ्याच्याच वाटेवर. तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रसादाचा शिरा फार छान झाला होता.

सेवकराम चाळीस वर्षं राईस मिलच्या गोदामात होते. पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवायची नाही, हातभर जागा सोडायची, हा त्यांचा धर्म. नव्या हमालाला सांगायचे, "धानालेबी दम लागते, बाबू." हवा फिरते की नाही ते उदबत्ती लावून बघायचे. मालक आगीच्या भीतीने ओरडायचा. धान कधी कुबट झालं नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या पत्नीला, सुशिलाबाईंना, न्हाणीत दोनदा चक्कर आली. डॉक्टरने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा सेवकरामांनी गीझर लावून न्हाणीत उदबत्ती पेटवली आणि मला बोलावलं.

"पाहा भाऊ."

धूर खिडकीपर्यंत जाई आणि पत्ता चुकल्यासारखा परत येई.

"हवा चालून नाही राहिली. आतली हवा गीझरच खाऊन टाकते. माणसाले काय उरन?"

स्वयंपाकघरातून सुशिलाबाई म्हणाल्या, "मील सुटली, पन ह्यायची थप्पी काही सुटली नाही. आता मलेच पोतं समजून राहिले! भाऊजी, च्या घेऊन जा."

"पोतं असती त बरं होतं," सेवकराम म्हणाले. "हातभर जागा त भेटली असती."

आम्ही तिघंही हसलो.

त्या दिवसापासून गीझर बंद. सेवकराम स्वयंपाकघरातल्या शेगडीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवून पाणी तापवायचे आणि बादली न्हाणीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. मग त्यांनी सोसायटीची बैठक बोलवायला लावली.

"स्लॅब तोडा," ते म्हणाले. "अन मारुती मीच आणला, मीच उचलतो."

सगळे एकदम धार्मिक झाले. देव असा मधेच उठवतात का? मुहूर्त नको? भूपेंद्रही आला होता.

"काका, भगवान को हटाओगे? नक्शे में तो डक्ट खुला ही है. टेन्शन कायको?"

"नक्शात आंघोळ करू काय तिनं?" सेवकरामांनी विचारलं.

लोक हसले. विनोद चांगला होता. मीही दाद दिली. मग ठराव लिहिला, की हनुमान जयंतीला मूर्ती विधिवत हलवून पुढील कार्यवाही करावी. हनुमान जयंती एप्रिलात. तोवर थंडी संपते, गरम पाणी संपतं आणि बरेचसे विषयही आपोआप संपतात, हा माझा अनुभव.

सेवकराम थांबले नाहीत. डिसेंबरातल्या एका सोमवारी स्लॅब तोडायचा अर्ज घेऊन सकाळीच नकाशे मंजूर करणाऱ्या हापिसात गेले. निघताना गरम पाण्याची बादली भरून न्हाणीच्या दाराशी ठेवली. साहेबांनी दीड तासाने नकाशा उघडला, डक्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "उघडाच तर आहे. तक्रार काय?"

दुपारी ते परतले, तर न्हाणीचं दार आतून बंद. दार तोडायला मी होतो. आत गीझर निळा, शांत जळत होता. बादलीतलं पाणी निवून गेलं होतं आणि सुशिलाबाईंचे गुडघे थंडीत दुखायचे.

चेहरा गुलाबी दिसत होता. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, किती तेज आहे! कोंडलेल्या विषारी गॅसने गेलेल्या माणसाचा रंग तसा होतो, हे सेवकरामांना डॉक्टरने सांगितलं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मारुती एकट्याने उचलून घरी नेला. मुहूर्त कोणी विचारला नाही. दोन मजुरांनी जेवणाच्या सुट्टीआधी स्लॅब फोडला. एवढंच काम होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मारुती कोपऱ्यात होता, भिंतीपासून हातभर सोडून. सेवकरामांनी न्हाणीत उदबत्ती लावली. धूर खिडकीशी जरा घुटमळला आणि बाहेर पडून सरळ वर गेला.

"चालून राहिली," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून जरा मोठ्याने, "पाहिलं काय?"

उदबत्ती अर्धी होईपर्यंत ते तसेच त्या बाजूला बघत उभे होते.