करवंटीची कपची

नारळाची दोन भकलं तिनं पुन्हा एकमेकांवर बसवून पाहिली आणि पुन्हा कडेला नखाएवढी फट राहिली – म्हणजे करवंटीची तेवढी कपची कुठंतरी उडाली होती, आणि कुठं उडाली ते संयोगिताला ठाऊक होतं... ठाऊक म्हणजे, दिसलं होतं. दिसल्यासारखं वाटलं होतं. सकाळी खंडेनवमीच्या पूजेला वर्कशॉपात मामंजींनी गाडीपुढच्या दगडावर नारळ आपटला, पाणी उडालं, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. हात तिनंही जोडले, पण डोळे उघडे राहिले, आणि काहीतरी काळपट उसळून थेट यंत्राच्या तोंडात गेलं. की बाजूला पडलं? प्रसादाचं खोबरं खवायचं सोडून ती राजारामपुरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात ही जुळवाजुळव करत बसली होती, आणि पाच वाजता तिचा नवरा अमरसिंह ती गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर काढणार होता.

गाडी जुनीच, भंगारातून आणलेली. पण तिच्यात नेहमीचं इंजिन नव्हतं. विमानाला असतं तसलं टर्बाइन होतं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात त्यानं आठ वर्षं खपून बनवलेलं – ट्रकच्या टर्बोचं चाक, शेजारच्या बाबालालनं वेल्डिंग करून दिलेली भट्टी, आणि बाकी सगळा हट्ट. रॉकेलवर चालेल, गोडेतेलावरसुद्धा चालेल, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. चाक इतकं जोरात फिरतं की आत एवढंसं काही कडक गेलं तरी पात्यांचा चुरा, आणि पाती फुटून बाहेर आली तर पुढ्यात बसलेल्याचं... हेही त्यानंच सांगितलेलं, जेवताना, भात कालवत. म्हणून तर खंडेनवमीचा हार हवा ओढणाऱ्या तोंडापासून लांब, आरशाला घालायचा, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. हाराचा विचार केला, नारळाचा नाही केला. वर, लोकांना चाक दिसावं म्हणून तोंडावरची जाळी स्वतःच्या हातानं काढून ठेवली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

फोन समोरच होता. पण सांगितलं तर अख्खं यंत्र उघडावं लागणार, आज गाडी निघणार नाही, आणि मामंजींच्या हातच्या नारळानं अपशकुन केला ही बातमी पावणे पार आजऱ्यापर्यंत पोचवणार. कारण चांगलं होतं. दुपारभर ती त्यालाच धरून बसली. खोबरं खवता खवता ते कारण हातातून सुटलं आणि त्याच्याखालचं दिसलं – मला ते चाक मोडलेलं हवंय.

हवंयच. माझी आई गेली तेव्हा दिवसकार्याला हा माणूस आला तोही खिशात बेअरिंग घेऊन, आणि पानावर बसल्या बसल्या खिशातल्या खिशात ते फिरवत राहिला... साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत अशा गाड्या लोकांना वापरायला दिल्या, मग परत घेतल्या आणि बहुतेक सगळ्या मोडून टाकल्या, ही गोष्ट सांगताना मात्र त्याचा गळा भरून येतो. पाय दाबला की या गाड्या लगेच पळत नाहीत, जरा थांबतात आणि मग एकदम सुटतात, असं तो त्यांच्या खोडीचंही कौतुक करतो. तुम्हीही तसेच की – मी बोलते, मी थांबते... फक्त तुम्ही कधी सुटत नाही. आठ वर्षं मी एका यंत्राची सवत होऊन राहिले. मोडू दे.

आणि मग तिला तो त्या सीटवर दिसला, शेजारी फेटा बांधून बसलेले मामंजी दिसले, आणि त्यांच्या गुडघ्यांपुढं ते चाक. ते काय माणसं बघून मोडणार होतं? विळी तशीच उघडी टाकून ती उठली.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तिनं रिक्षावाल्याला विनाकारण झापलं. शेजारून बॅटरीवरची एक गाडी आवाज न करता पुढं निघून गेली. सगळं जग त्या वाटेनं चाललंय आणि आपल्या घरात अजून रॉकेल, या विचारानं तिला भलत्या वेळी हसू आलं आणि लगेच रडूही आलं. फोन करावा हे काही सुचलं नाही.

वर्कशॉपच्या दारात बाबालाल उभा होता. "वहिनी, कानात घालाय कापूस आणलाय न्हवं?" म्हणाला. मामंजी गाडीत बसून फेटा सारखा करत होते. अमरसिंह एकटाच लेथपाशी हात पुसत होता.

"आवो," ती जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "सकाळी करवंटीची कपची आत गेली. मी बघितली."

त्यानं हात पुसायचे थांबवले नाहीत. "व्हय. मी बी बघितली."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू बोलतीस का बघत हुतो."

आवाज अगदी रोजचा होता, चहा टाक म्हणावं तसा.

"आणि मी आलेच नसते तर?"

त्यानं फडक्याची घडी करून ती लेथवर ठेवली. गाडीतून मामंजींनी हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणी तिकडं पाहिलं नाही. ती पोळ्या लाटत होती, खोबरं खवत होती, तो सगळा वेळ हा माणूस मनात दुसरं काही न आणता तिचाच विचार करत होता... आठ वर्षं तिनं एवढंच तर मागितलं होतं. आता ते मिळालं होतं आणि तिला त्याच्याजवळ उभं राहायची भीती वाटत होती. तिथून निघावं असं मात्र वाटत नव्हतं.